गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलंय? सही करण्याआधी भुलीबद्दल हे विचारून घ्या

ऑपरेशन ठरलं की घरात तीन प्रश्न निघतात. खर्च किती, दवाखान्यात किती दिवस, आणि गुरा-पोरांचं कोण बघणार. ज्या बाईचं ऑपरेशन आहे ती चौथा प्रश्न मनातच ठेवते: दुखेल का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, म्हणून ती नणंदेला विचारते, शेजारणीला विचारते. उत्तरंही ठरलेली असतात. ‘कमरेत सुई घेऊ नको, जन्मभर कंबर धरते.’ ‘पूर्ण भूल घेतली की माणूस उठत नाही.’ ‘एवढंसं तर काम, भूल कशाला? दातावर दात ठेव आणि पडून राहा.’

पहिल्या सल्ल्यात जवळपास तथ्य नाही. दुसऱ्यातली भीती खरी, पण ती फार फुगवलेली आहे. आणि तिसरा सल्ला आपल्याकडे सर्वांत जास्त दिला जातो, बायकाच बायकांना देतात, आणि त्याच्यामुळेच अनेकींना नको तो त्रास होतो. पिशवी साफ करणं असो, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन असो की गर्भपिशवी काढणं, प्रत्येक वेळी भुलीचा काही ना काही पर्याय असतो. कधी दोन-तीन पर्याय असतात. ते आधी माहीत असतील तर विचारता येतं.

भूल म्हणजे एकच इंजेक्शन नव्हे

गावात ‘भूल दिली’ एवढंच म्हणतात. प्रत्यक्षात त्यात चार वेगळ्या गोष्टी येतात.

सर्वांत साधी म्हणजे जागेपुरती भूल. जिथे काम करायचं तेवढाच भाग बधिर करतात. दात काढताना देतात तीच, बहुतेक वेळा लिग्नोकेन नावाचं औषध. पिशवीच्या कामात हे इंजेक्शन पिशवीच्या तोंडाजवळ दोन-चार ठिकाणी देतात. बाई पूर्ण जागी असते. टोचल्याचं कळतं, पोटात कळ आल्यासारखं होऊ शकतं, पण धारदार दुखणं कमी होतं. इंजेक्शननंतर कानात गुणगुण, ओठांभोवती मुंग्या किंवा तोंडाला धातूसारखी चव आली तर लगेच सांगायचं. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते.

दुसरी गुंगी. शिरेतून औषध देतात, डोळे जड होतात, भीती जाते, नंतर बरंचसं आठवतही नाही. पण हाक मारली तर बाई ओ देते. गुंगी बऱ्याचदा जागेपुरत्या भुलीच्या जोडीला देतात आणि ही जोडी छोट्या कामांना चांगली चालते.

तिसरी कमरेतली सुई, म्हणजे मणक्यातली भूल. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

चौथी पूर्ण भूल. यात बाईला काहीच कळत नाही. मोठ्या ऑपरेशनला घशातून श्वासनळीत नळी घालून श्वास मशीनवर ठेवतात. म्हणून नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, मळमळतं. निरोगी बाईला नुसत्या भुलीमुळे जीव जाणं आज अत्यंत दुर्मिळ आहे. पण त्यासाठी साधनं आणि शिकलेला माणूस दोन्ही लागतात.

छोट्या दवाखान्यांत थोड्या वेळाच्या कामासाठी केटामाइन नावाचं औषधही वापरतात. त्यात श्वास सहसा आपापला चालू राहतो, म्हणून जिथे साधनं कमी तिथे ते पूर्वीपासून वापरात आहे. मात्र त्यातून जाग येताना काहींना विचित्र स्वप्नं पडतात, त्या बडबडतात, रडतात, डोळे फिरवतात. बाहेर बसलेले नातेवाईक घाबरतात आणि कुणीतरी ‘बाहेरची बाधा’ म्हणून मोकळं होतं. बाधा वगैरे काही नसते, औषधाचा परिणाम असतो. शांत जागेत पडू दिलं तर थोड्या वेळात उतरतो.

कमरेतली सुई आणि कंबरदुखी

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात चार बायका बसल्या की त्यातली एक तरी सांगेल, ‘सिझर झालं तेव्हा सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली.’ तिची कंबर दुखते हे खरंच आहे. पण दोष सुईचा असतो का?

बाळंतपणानंतर कंबरदुखी फार बायकांना होते, आणि ज्यांचं बाळंतपण साधं झालं, ज्यांना सुई लागलीच नाही, त्यांनाही होते. नऊ महिने पोटाचं ओझं, सैल पडलेले सांधे, मग वाकून अंघोळ घालणं, मांडी घालून दूध पाजणं, लवकरच पाण्याची घागर आणि खुरपणी. अभ्यासांत सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे, त्यात कायमच्या कंबरदुखीचा संबंध सुईशी लागलेला नाही. टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, एवढं मात्र होतं.

सुईचा खरा त्रास दुसराच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो म्हणजे डोकेदुखी. मणक्याभोवतीच्या आवरणाला सुईचं बारीक छिद्र पडतं, तिथून पाणी झिरपतं आणि एक-दोन दिवसांत डोकं दुखू लागतं. ओळख सोपी आहे. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की बरं वाटतं. आताच्या बारीक सुयांमुळे हे शंभरात एखादीला किंवा त्याहून कमी जणींना होतं. बहुतेक वेळा पाणी, चहा-कॉफी आणि साध्या वेदनाशामक गोळीवर काही दिवसांत थांबतं. नाही थांबलं, डोकं फारच धरलं किंवा ताप, मान ताठणं, दिसायला दोन-दोन असं काही झालं तर परत दवाखाना गाठायचा. ‘चोवीस तास उशी घेऊ नको, मान उचलू नको’ असं अजून सांगतात, पण नुसतं सपाट पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळते असं आढळलेलं नाही. मात्र पायात पूर्ण ताकद येईपर्यंत एकटीने उठायचं नाही. सुई घेतल्यानंतर लघवीला जायच्या घाईत बाई पडली, असं होऊ शकतं.

सुई देताना बसवतात किंवा कुशीवर झोपवतात. हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी गोल. तेवढा वेळ हलायचं नाही. पाच-दहा मिनिटांत पाय जड आणि गरम वाटतात, मग उचलता येत नाहीत. रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून मळमळ होते, थंडी वाजते, ते लगेच सांगायचं. ऑपरेशन चालू असताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. ते चालतं. पण कापल्यासारखं दुखलं तर गप्प राहू नका, भूल कमी पडली असेल. थांबून आणखी औषध देता येतं किंवा पूर्ण भूल देता येते. परिणाम साधारण दोन ते चार तास राहतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, पाठीवर सुईच्या जागी गळू असेल किंवा खूप रक्त जाऊन रक्तदाब कमी झाला असेल तर सहसा ही सुई टाळतात. आणि बाईने सगळं समजून घेऊनही ‘मला नको’ म्हटलं तर ते सुद्धा एक कारण आहे. तेव्हा पूर्ण भुलीचा पर्याय डॉक्टर सांगतात.

पिशवी साफ करताना

गर्भपातानंतर काही भाग आत राहिला, पाळी थांबत नाही, किंवा तुकडा तपासणीला पाठवायचा आहे, अशा वेळी पिशवी साफ करतात. लोक क्युरेटिंग म्हणतात. काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं, म्हणूनच ‘भूल कशाला’ हा सल्ला इथे सगळ्यात जास्त मिळतो. खरं तर भुलीची निवड करायला सर्वांत जास्त वाव याच कामात आहे.

गर्भपाताच्या कामाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे: वेदनाशामक औषध प्रत्येकीला विचारून द्यावं, मागायची वेळ आणू नये. चौदा आठवड्यांच्या आत असेल तर पिशवीच्या तोंडाजवळ बधिर करायचं इंजेक्शन द्यावं, सोय असेल तिथे जोडीला गुंगीचा पर्याय ठेवावा, आणि पूर्ण भूल सरसकट देऊ नये. म्हणजे दोन्ही टोकं चुकीची. काही न देता काम उरकणंही चूक आणि गरज नसताना पूर्ण झोपवणंही चूक. त्याच संघटनेचं आणखी एक सांगणं आहे, की धारदार चमच्याने खरवडण्याऐवजी हवेच्या ओढीने साफ करण्याची पद्धत वापरावी. ती हाताने चालणाऱ्या पिचकारीसारख्या साधनानेही होते. ‘डॉक्टर, कोणत्या पद्धतीने करणार?’ असं विचारायला हरकत नाही.

मग कुणी काय घ्यावं? जिला धीर आहे, कामानंतर लवकर घरी जायचं आहे, तिला आधी गोळी आणि जागेपुरती भूल पुरते. जी फार घाबरली आहे, जिला तपासणीच्या टेबलावर पाय वर घेतले की अंग आखडतं, जिच्यावर पूर्वी कधी जबरदस्ती झाली आहे, तिला गुंगी किंवा पूर्ण भूल मागण्यात काही गैर नाही. कारण सांगावंच लागतं असं नाही. ‘मला जागेपणी झेपणार नाही’ एवढं वाक्य पुरे.

तांबी बसवताना किंवा तपासणीसाठी नळीने तुकडा घेताना आपल्याकडे बहुधा काहीच देत नाहीत. बऱ्याच जणींना ते चालूनही जातं. पण ज्यांना मूल झालेलं नाही किंवा ज्यांची पाळी फार दुखते त्यांना जास्त दुखतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये तांबीच्या सूचना सुधारल्या. त्यात वेदनेबद्दल आधीच बोलावं आणि बधिर करायचं औषध उपयोगी पडू शकतं असं नमूद केलं. आपल्या उपकेंद्रात ते मिळेलच असं नाही. पण एक तास आधी कोणती गोळी घेऊ, हे आशाताईला किंवा सिस्टरला विचारता येतं.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन

टाक्याचं असो की दुर्बिणीचं, केंद्र सरकारच्या नसबंदीच्या मानकांत जागेपुरती भूल आणि सोबत गुंगी हीच पसंतीची पद्धत आहे. म्हणजे कॅम्पमध्ये बाई अर्धवट जागी असते ते काही काटकसर म्हणून नव्हे. पण त्यात एक अट आहे: भूल चढायला वेळ दिला पाहिजे. इंजेक्शन दिलं आणि लगेच चीर दिली तर दुखणारच. मोठी रांग असली की नेमकी तीच मिनिटं वाचवली जाऊ शकतात. टेबलावर असताना ‘अजून कळतंय, थोडं थांबा’ म्हणायचं. ऐकतात.

ज्या बाईला पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय, वजन जास्त आहे किंवा दम्याचा त्रास आहे, तिने कॅम्पपेक्षा भूलतज्ज्ञ असलेलं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं, हे आमचं मत. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, म्हणून नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. खांद्याला कुणी हात लावला नाही तरी दुखतो, घाबरू नका.

गर्भपिशवी काढायची असेल तर

इथे भुलीच्या आधी एक प्रश्न येतो: पिशवी काढायची खरंच गरज आहे का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ‘पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, सोनोग्राफी आणि तपासणीचे कागद सोबत न्या.

गरज पक्की असेल तर भूल कशी मिळेल हे पद्धतीवर ठरतं. खालून काढणार किंवा पोटावर चीर देऊन काढणार असतील तर बहुतेक वेळा कमरेतली सुई, लागल्यास सोबत हलकी गुंगी. दुर्बिणीने काढायची तर सहसा पूर्ण भूल, कारण पोटात गॅस भरून डोकं खाली करून झोपवतात आणि जागेपणी श्वास घेणं जड जातं. काही मोठ्या रुग्णालयांत पाठीत बारीक नळी ठेवून ऑपरेशननंतरही त्यातून औषध देतात, त्याला एपिड्युरल म्हणतात. तालुक्याच्या गावी ही सोय क्वचित.

भूल कोण देणार?

आमच्या मते पूर्ण लेखात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एकच भूलतज्ज्ञ चार-पाच दवाखान्यांत फिरतो. त्यात वाईट काही नाही, माणसंच कमी आहेत. सरकारी रुग्णालयांत काही एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचं खास प्रशिक्षण देऊनही ही कमी भरून काढतात. पण सुई दिली आणि गाडी काढून पुढच्या दवाखान्यात गेले, असं व्हायला नको. मणक्यातली किंवा पूर्ण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन संपेपर्यंत तिथेच थांबायला हवं. ऑपरेशन करणारा डॉक्टर एका वेळी पोटात बघेल की श्वासाकडे? नुसत्या गुंगीतही श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणि बाजूला ऑक्सिजनची सोय हवीच.

म्हणून आदल्या दिवशी नवऱ्याने किंवा भावाने, शक्यतो बाईने स्वतः, शांतपणे विचारायचं: ‘भूल कोण देणार, ते डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार ना? त्यांची फी बिलात धरली आहे की वेगळी?’ भांडणाच्या सुरात विचारू नका. चांगले डॉक्टर याचं उत्तर सरळ देतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसत असेल तर भुलीचा खर्च पॅकेजमध्येच येतो, वेगळे पैसे मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझेरियन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, भुलीसकट.

लपवू नये अशा गोष्टी

भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा सासू, दीर, नवरा सगळे भोवती उभे असतात. बाई मान खाली घालून ‘काही नाही’ म्हणते. मिश्री लावते हे सांगत नाही, तंबाखू खाते हे तर नाहीच. तुम्हाला एकटीशी बोलायचं असेल तर तसं सांगा, सिस्टरला थांबवून घ्या. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे.

मिश्री-तंबाखूची सवय असेल तर ती न लाजता सांगा. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर घशात नळी घालणं अवघड होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर आवर्जून सांगा. हलणारा दात, कवळी सांगा. दमा, फिट, हृदयाची झडप, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि त्यांच्या गोळ्या डब्यासकट सोबत न्या. सकाळी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने काही बंद करू नका. वैदूचं, जडीबुटीचं औषध चालू असेल तर तेही सांगा. पाळी चुकली असेल तर तेही.

रक्त कमी असणं ही आपल्याकडची जुनी दुखणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. ऑपरेशनची घाई नसेल तर आधी लोहाच्या गोळ्या किंवा सलाईनमधून लोह देऊन रक्त वाढवता येतं. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. कार्ड असेल तर दाखवाच. थंडी, शरीरात पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन उतरणं या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला घातक, आणि त्या आधीच सांभाळता येतात.

‘आमच्या मावशीला भुलीतून उठायला रात्र झाली होती’ अशी आठवण घरात असेल तर तीही सांगा. स्नायू सैल करायला वापरतात त्यातलं सक्सिनिलकोलीन नावाचं एक औषध पचवणारं द्रव्य काहींच्या रक्तात जन्मतःच कमी असतं. काही मिनिटांत उतरणारा परिणाम मग तासन्‌तास राहतो आणि तोवर श्वास मशीनवर ठेवावा लागतो. हे कुणातही असू शकतं, आर्य वैश्य समाजातल्या काही कुटुंबांत ते जास्त आढळलं आहे. आधी कळलं तर ते औषध टाळून दुसरं देतात, एवढं सोपं.

उपाशी म्हणजे किती उपाशी?

भुलीत पोटातलं अन्न उलटून छातीत गेलं तर जीवावर बेततं, म्हणून उपाशी ठेवतात. सर्वसाधारण नियम असा: भाकरी-भात, हलकं जेवण सहा तास आधी बंद, तेलकट किंवा मटणाचं जेवण आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणासारखाच, सहा तास. ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणून पाजणाऱ्या आजी आणि विचारल्यावर ‘काही खाल्लं नाही’ म्हणणारी सून, हे दोन्ही धोक्याचं. चुकून खाल्लं तर सांगा, ऑपरेशन चार तास पुढे जाईल.

उलटही होतं. आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा न घेता बाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसते, मग चक्कर येते. नंबर कितवा हे विचारून पाणी कधीपर्यंत पिऊ ते ठरवून घ्या. साखर किंवा ॲसिडिटीचा जास्त त्रास असेल तर डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा.

मंगळसूत्राचा प्रश्न दरवेळी येतो. विजेच्या सुरीने काम करताना अंगावरच्या धातूने भाजू शकतं, म्हणून दागिने काढायला लावतात. त्यात अपशकुन नाही. काही जणी तेवढा वेळ हातात साधा काळा दोरा बांधतात, दवाखान्यात विचारून तसं करता येतं. नखांचं पॉलिश आणि गडद मेंदी मात्र एका बोटाची तरी नको, ऑक्सिजनचा चिमटा नीट दाखवत नाही.

सही कुणाची?

सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही १८ वर्षांवरील बाईची एकटीची संमती पुरते. भुलीचं संमतीपत्र वेगळं असतं, मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. ४४ वर्षांची अविवाहित महिला दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला आली होती. ती पूर्ण भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशय काढून टाकले गेले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे पिशवी काढायची संमती नव्हे, आणि जीवावर बेतलेलं नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. तेव्हा कागदावर कोणत्या कामाची सही घेत आहेत ते आधी वाचा. ‘लागलं तर आणखी काही’ असं असेल तर काय काय, तेही विचारा.

घरी जाताना आणि नंतर

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतलेल्या बाईला त्याच दिवशी मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. तोल जातो, डुलकी लागते. चारचाकी किंवा रिक्षा, आणि सोबत मोठं माणूस. चोवीस तास चूल-गॅस, विळा, गाडी आणि पैशाच्या कागदावर सही यापासून लांब. अंगावर पाजणारी आई पूर्ण जागी झाली, बाळ नीट धरता आलं की दूध पाजू शकते, दूध काढून फेकायची सहसा गरज नसते. वेदनेच्या गोळ्या लिहून घेताना मात्र ‘बाळ अंगावर आहे’ हे सांगा.

वेदनेची गोळी दुखणं वाढल्यावर घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळेवर घेतली तर कमी गोळ्यांत भागतं. पॅरासिटॅमॉल बहुतेकींना चालते. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन या गोळ्या जेवणानंतरच, आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गोळीने दमा उठत असेल तर नकोतच. गोळी पोटात टिकत नसेल तर गुदद्वारातून ठेवायची गोळीही मिळते, लाजून नाही म्हणू नका. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने दुसरं पाकीट आणून त्यात भर घालू नका, दोन वेगळ्या नावांत एकच औषध असू शकतं.

तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त जाणं, ताप, घाण वास, पोट फुगून ताठ होणं, सहा-आठ तासांत लघवी न होणं, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, किंवा सुईनंतर पायातला बधिरपणा बराच वेळ तसाच राहणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. साध्या शंकेला १०४ वर आरोग्य सल्ला मिळतो.

डिस्चार्ज कार्डावर कोणती भूल दिली, कोणत्या औषधाचा त्रास झाला हे लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी, पाच वर्षांनी का होईना, दुसऱ्या दवाखान्यातल्या भूलतज्ज्ञाला तो फोटो दाखवला की त्यांना अंदाज घेत बसावं लागत नाही.